चाँद, घड्याळ आणि डोक्यातली चौकट

एकोणतिसावा रोजा सोडला की आपल्या मोहल्ल्यात काय सुरू होते ते वाचकांना सांगायला नको. मगरिबची नमाज उरकून पोरे गच्चीवर चढतात, म्हातारे पश्चिमेकडे डोळे लावून बसतात, बायका शेवया आणि सुकामेवा तसाच ठेवून दाराशी येतात. आभाळ ढगाळ असले तर फोन सुरू होतात. मालेगावला दिसला म्हणे. नाही हो, मुंबईचा एलान अजून व्हायचाय. हैदराबादवाल्यांनी गवाही घेतली म्हणतात. ईशाची वेळ होते आणि तरावीह पढायची की नाही यावर मस्जिदीच्या पायरीवर वाद पेटतो. रात्री अकराच्या सुमाराला कुणीतरी सांगत येतो, उद्या ईद. मग दूध संपलेले असते, दर्जी दुकान बंद करून गेलेला असतो. कधीकधी तर एकाच गावात दोन मस्जिदींच्या दोन ईदा होतात. एका घरात शीरखुर्मा, भिंतीपलीकडच्या घरात रोजा.

या गोंधळाची आम्हाला लहानपणापासून गंमत वाटत आली. ती गंमत संपली ती आमच्याच नात्यातल्या एका मुलीमुळे. विज्ञान शाखेत शिकणारी मुलगी. तिच्या महाविद्यालयाने प्रात्यक्षिक परीक्षेच्या तारखा लावण्यापूर्वी चांगुलपणाने विचारले होते, तुमची ईद नेमकी कोणत्या दिवशी? तिने घरी विचारले. आम्ही सांगितले, चाँद दिसेल तेव्हा. दोनपैकी एक दिवस, असे तिने कळवले. तिथल्या बाईंनी विचारले, "तुमच्यात कॅलेंडर नसतं का गं?" त्या प्रश्नात खोट नव्हती. अखेर परीक्षा नेमकी ईदच्या दिवशी आली. तिने आकाशगणितावरचे प्रश्न सोडवून परीक्षा दिली आणि दुपारी तीनला घरी येऊन कपडे बदलले. ईद मिलायला आलेले पाहुणे तोवर निघून गेले होते.

आता ज्या मस्जिदीच्या पायरीवर तो वाद होतो, तिच्याच आत जाऊन भिंतीकडे बघा. तिथे छापील वेळापत्रक टांगलेले असते. फजर इतके वाजून इतकी मिनिटे, तुलूअ इतकी, जुहर इतकी. वर्षाच्या सगळ्या दिवसांचे. अलीकडे तर लाल आकड्यांचे विजेचे घड्याळ असते, तेच पाचही वेळा दाखवते. सहरी संपवताना पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा झाला की नाही हे बघायला आपल्यापैकी कोण अंगणात जातो? असरसाठी काठी रोवून सावली कोण मोजतो? सायरन वाजला की खजूर तोंडात. हे वेळापत्रक कुठून आले? सूर्याच्या गणितातून. म्हणजे दिवसातून पाच वेळा, वर्षातून अठराशेहून अधिक वेळा आपण खगोलशास्त्रावर विश्वास ठेवून अल्लाहपुढे उभे राहतो आणि वर्षातून दोन-तीन वेळा तेच शास्त्र आपल्याला धर्मबाह्य वाटते. सूर्य हिशोबाचा आणि चंद्र नजरेचा! आभाळ एकच, हिशोब ठेवणाराही एकच. मग हा भेद कुठला? आमचे म्हणणे असे की हा भेद कुरआनातला नाही, आकाशातला नाही, तो आपल्या डोक्यातल्या चौकटीतला आहे.

चौकट हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो आहोत. थॉमस कून या अमेरिकन अभ्यासकाने १९६२ साली वैज्ञानिक क्रांतींच्या रचनेवर एक पुस्तक लिहिले. मराठीतले विद्वान त्याच्या संकल्पनेला विचारव्यूह म्हणतात, काही प्रतिमान म्हणतात. कूनचे सांगणे थोडक्यात असे : शास्त्रज्ञदेखील एका मान्य चौकटीत काम करतात. चौकटीत न बसणारे काही समोर आले तर आधी ते दुर्लक्षितात, मग ठिगळ लावतात, आणि ठिगळांचे ओझे असह्य झाले की कुणीतरी चौकटच बदलतो. मग तेच जुने पुरावे वेगळे दिसू लागतात. हे वाचताना आम्हाला आपला इतिहास आठवला, आणि आठवला तो चाँदच.

टॉलेमी नावाच्या ग्रीक ज्योतिर्विदाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात चंद्राच्या गतीचे गणित मांडले. चंद्र कुठे असेल हे त्या गणिताने बऱ्यापैकी सांगता येई, पण त्यात एक भलतीच गोष्ट होती. त्यानुसार चंद्राचे पृथ्वीपासूनचे अंतर जवळपास दुपटीने कमीजास्त व्हायला हवे, म्हणजे महिन्यातल्या काही दिवशी चंद्र दुप्पट मोठा दिसायला हवा. तसा तो कधी कुणाला दिसला? शेतात निजणाऱ्या गुराख्यालाही ठाऊक होते की चंद्र असा फुगत नाही. तरी हजार-बाराशे वर्षे ते गणित चालले, कारण ते चौकटीत बसत होते. ती चूक दुरुस्त केली दमिश्कच्या उमय्या मस्जिदीत नमाजाच्या वेळा ठरवणाऱ्या एका माणसाने. त्याचे नाव इब्न अल्-शातिर (१३०४-१३७५). पदाने तो मुवक्कित, म्हणजे मस्जिदीचा वेळपाल. मस्जिदीच्या मिनारावर त्याने १३७१ साली सूर्यघड्याळ बसवले आणि चंद्राचे असे नवे गणित मांडले की त्यात चंद्र फुगायचा थांबला. पुढे १५४३ साली कोपर्निकसचा ग्रंथ निघाला. त्यातले चंद्राचे गणित आणि दमिश्कच्या या वेळपालाचे गणित एकच आहे, हे १९५७ साली अभ्यासकांच्या लक्षात आले.

इथपर्यंत ऐकले की आपल्या सभांत टाळ्या पडतात. बघा, सगळे आमच्याकडून घेतले! वक्ता मग अल्-ख्वारिझ्मी, इब्न सीना, इब्न अल्-हैसम अशी नावे भराभर घेतो आणि खाली बसतो. आम्हीही अशा टाळ्या पुष्कळ वाजवल्या आहेत. पण पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. इब्न अल्-शातिरने गणित बदलले, चौकट बदलली नाही. त्याच्या विश्वात पृथ्वी मध्यभागी होती तशीच राहिली. कोपर्निकसने चंद्राचे तेच गणित घेतले आणि मध्यभागी सूर्य ठेवला. जगाचा इतिहास या दुसऱ्या गोष्टीने वळला. गणित आपल्याकडे होते, चौकट मोडण्याचे धाडस दुसऱ्याने केले. याचा अभिमान किती बाळगायचा आणि खंत किती करायची हे ज्याचे त्याने ठरवावे.

तीच गोष्ट इब्न अल्-नफीसची. तेराव्या शतकातला हा हकीम. हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्रे नाहीत, रक्त फुप्फुसातून फिरून येते, असे त्याने जालिनूसच्या, म्हणजे गॅलेनच्या, विरोधात स्वच्छ लिहून ठेवले. पुढच्या पिढ्यांनी काय केले? इब्न सीनाच्या ग्रंथावरचे ते भाष्य कपाटात ठेवले. १९२४ मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरला त्याचे हस्तलिखित सापडले ते बर्लिनच्या ग्रंथालयात. आपला शोध आपल्यालाच सातशे वर्षांनी जर्मनीत सापडतो आणि आपण म्हणतो, आमच्याकडे सगळे आधीच होते.

अजून एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. १५७७ साली इस्तंबूलला तकीउद्दीन नावाच्या ज्योतिर्विदाची वेधशाळा उभी राहिली. साधने अशी की युरोपात टायको ब्राहे जी बनवत होता त्यांच्या तोडीची. त्याच वर्षी आकाशात मोठा धूमकेतू आला. टायकोने त्याचे अंतर मोजायचा प्रयत्न केला आणि हा चंद्राच्या पलीकडे आहे असे दाखवले. आकाश अविकारी आहे या जुन्या समजुतीला त्याने तडा गेला. तकीउद्दीनने त्याच धूमकेतूवरून सुलतान तिसऱ्या मुरादला विजयाचे भाकीत सांगितले. पुढे साथ आली, दरबारात शत्रू होतेच, धर्मपीठाकडूनही विरोध झाला आणि १५८० मध्ये वेधशाळा पाडण्यात आली. टायको काही फलज्योतिषापासून मुक्त नव्हता, हे न्यायाने सांगायला हवे. पण त्याची मोजमापे टिकली आणि त्यांवर केप्लरने पुढची इमारत उभी केली. आपल्याकडे दगडविटा उरल्या.

असो. पुन्हा चाँदकडे वळू.

आम्हाला ठाऊक आहे की हे वाचताच काही मंडळी म्हणतील, हदीसमध्ये चाँद पाहून रोजा धरा आणि चाँद पाहून सोडा असे स्पष्ट आहे, त्यात अक्कल चालवू नका. अक्कल चालवणारे आम्ही पहिले नाही. इजिप्तमधले अहमद मुहंमद शाकिर हे हदीसचे जाणते विद्वान आणि शरियत न्यायालयातले काझी. कुणी त्यांना पाश्चात्त्यांचा हस्तक म्हणू शकणार नाही. त्यांनी १९३९ साली याच विषयावर एक पुस्तिका लिहिली. त्यांचा युक्तिवाद साधा होता. त्या काळचा अरब समाज लिहिणारा, हिशोब करणारा नव्हता, हे कारण खुद्द हदीसमध्येच दिलेले आहे, म्हणून नजरेचा सोपा मार्ग सांगितला गेला. कारण संपले की हुकूमाचे रूप बदलते. समाज हिशोब शिकला की त्याने हिशोबाने चालावे. सूरह यूनुसमध्ये चंद्राच्या मंजिलींचा संबंध वर्षांच्या गणनेशी जोडलेला आहे, हेही आपण सारे वाचतो.

आणि आम्ही कोकणातले लोक तर शाफई. शाफई फिकहातले मोठे नाव इमाम तकीउद्दीन सुबकी. (हा वेधशाळेवाल्याहून वेगळा.) त्यांचे मत असे की गणिताने चाँद दिसणे अशक्य ठरत असेल तर दिसल्याची गवाही फेटाळावी. हे सुबकी चौदाव्या शतकात दमिश्कचे काझी होते. म्हणजे ज्या शहरात इब्न अल्-शातिर मस्जिदीत चंद्राचे गणित मांडत होता, त्याच शहरात, त्याच काळात काझी गणिताला गवाहीपेक्षा वरचे स्थान देत होता. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी दमिश्कमध्ये जे बोलता येत होते ते आज रत्नागिरीत किंवा सोलापुरात बोलायला आम्हाला धीर गोळा करावा लागतो.

२०२४ सालचेच उदाहरण घ्या. ८ एप्रिलला मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडात खग्रास सूर्यग्रहण झाले. कोणत्या गावात किती वाजता अंधार पडणार हे वर्षानुवर्षे आधी सेकंदापर्यंत ठाऊक होते आणि अंधार त्या सेकंदाला पडला. ग्रहण म्हणजे दुसरे काय? चंद्र-सूर्याची युती, ज्या क्षणी नव्या चाँदचा जन्म होतो तो क्षण. आपल्या घड्याळात तेव्हा रात्रीचे बारा वाजायला थोडी मिनिटे होती. एवढे सगळे जगाला ठाऊक असताना, दुसऱ्या संध्याकाळी केरळात चाँद दिसल्याचे जाहीर झाले आणि तिथे १० एप्रिलला ईद झाली. महाराष्ट्रात ती ११ एप्रिलला. देश एक, संध्याकाळ एक. क्षितिजावरच्या कोवळ्या चाँदच्या बाबतीत असा फरक पडू शकतो, हे शास्त्रही मान्य करते. पण कुठे दिसण्याची शक्यता किती, हेही ते आधीच नकाशा काढून सांगते. आपल्या कमिट्या तो नकाशा टेबलावर ठेवतात का, हा आमचा प्रश्न आहे.

तुर्कस्तान हिशोबाने चालते. उत्तर अमेरिकेच्या फिकह कौन्सिलने २००६ साली हिशोब स्वीकारला. इतके लांब कशाला जायचे? मुंबईत भेंडीबाजारात जा. दाऊदी बोहऱ्यांचे मिसरी कॅलेंडर ठरलेले आहे, त्यांना पुढच्या वर्षीची ईद आज सांगता येते. त्यांच्या गल्लीत मिठाई आधीच बांधून तयार असते आणि शेजारच्या गल्लीत आपण फोन कानाला लावून उभे असतो. त्यांचे कोष्टक खगोलशास्त्राच्या कसोटीला तंतोतंत उतरते असे आम्ही म्हणत नाही. पण त्यामुळे त्यांचा रोजा कमी कबूल होतो, असे म्हणायची हिंमत कुणाची आहे?

एक आक्षेप आम्हाला खरा वाटतो. गच्चीवर जमून चाँद बघण्यात जो आनंद आहे तो कागदावरच्या तारखेत नाही. अम्मीने आम्हाला बोट धरून दाखवलेला तो बारीक कोर, मग दुआ, मग सगळ्यांना सलाम. तो आम्हालाही सोडायचा नाही. कुणी सोडायला सांगितलाय? सूर्यास्ताची मिनिटे छापली म्हणून सूर्यास्त बघायची बंदी झाली का?

दुसरा आक्षेप नेहमीचा. आज चाँद बदलाल, उद्या दीन बदलाल. हे वाक्य आपल्या समाजाने किती गोष्टींवर वापरले आहे! १५११ साली मक्केत कॉफीवर बंदी आली होती. छापखान्याला उस्मानी राज्यात अरबी लिपीतल्या तुर्की पुस्तकांसाठी परवानगी मिळाली ती १७२७ साली, गुटेनबर्गनंतर पावणेतीनशे वर्षांनी. लाउडस्पीकरवरून नमाज पढवायला आपल्याच हिंदुस्थानातल्या कित्येक उलेमांनी हरकत घेतली होती, आणि आज तोच लाउडस्पीकर काढा म्हटले की आपल्याला दीन धोक्यात आल्यासारखे वाटते. फोटो हराम म्हणणारे हजच्या पासपोर्टसाठी रांगेत उभे राहिले. दीन कुठे बदलला? चौकट बदलली, आणि बदलल्यावर ती पहिल्यापासून तशीच होती असे आपण मानू लागलो.

धंद्यात तर चौकट न बदलण्याची किंमत रोख मोजावी लागते. भिवंडी-मालेगावचे आपले मागवाले भाऊ याला साक्षी आहेत. हातमाग गेला तेव्हा बापजाद्यांनी छाती पिटली, मग यंत्रमागावर पोट भरले. आता शटललेस माग आले तर तीच छाती, तेच पिटणे. उलट बाजूचे उदाहरण मुहंमद युनूस यांचे. चितगावच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने १९७६ साली शेजारच्या जोब्रा गावात बघितले की बांबूच्या वस्तू करणाऱ्या बायका सावकाराच्या कचाट्यात आहेत. बेचाळीस माणसांचे मिळून कर्ज होते ८५६ टका, तेव्हाचे सत्तावीस डॉलर. बँकवाल्यांची चौकट अशी की गरिबाला तारण नाही, म्हणून पत नाही. युनूसनी ती उलटी केली. १९८३ मध्ये ग्रामीण बँक झाली, २००६ मध्ये नोबेल आले. आणि बघा, नवी चौकटही किती लवकर कुजते. आपल्या शेजारच्या आंध्रात तोच सूक्ष्म कर्जाचा विचार नफेखोर कंपन्यांच्या हाती गेला. वसुलीच्या जाचाने माणसे जीव देऊ लागली तेव्हा २०१० मध्ये सरकारला अध्यादेश काढावा लागला.

साहित्यात आपण दोन चौकटींमध्ये चेंगरलेलो आहोत. एक चौकट दुसऱ्यांची. तीत मुसलमान म्हणजे इतिहासातला सरदार, नाही तर इमानी नोकर, नाही तर पानपट्टीवाला, आणि मराठी चांगले बोलला की कौतुकाचा धनी. "तुम्ही मराठी किती छान बोलता!" हे वाक्य आमच्यापैकी ज्याने ऐकले नाही तो भाग्यवान. याच चौकटीतून आपली सगळी पोरे मदरशात शिकतात असेही ठरून जाते. सच्चर समितीने २००६ साली सांगितले की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी सुमारे ३ टक्के आहेत. पण आकड्याने चौकट हलत नाही.

दुसरी चौकट आपली. उर्दू म्हणजे दीन, मराठी म्हणजे बाजारहाट. श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' लिहून गेले ते मराठीत. शाहीर अमर शेखांचा आवाज संयुक्त महाराष्ट्रासाठी गाजला तो मराठीत. हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ साली आली ती कोकणातली आपलीच माणसे घेऊन. तरी १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा, हे कशाला, असे विचारणारे दोन्हीकडे होते. तिकडचे म्हणाले, वेगळी चूल मांडता. इकडचे म्हणाले, दीन सोडता. दोघांचा राग एकाच गोष्टीवर होता. आम्ही त्यांच्या खणात बसत नव्हतो.

आणि दलवाईंचे नाव निघालेच आहे तर. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. मागणी काय, तोंडी तलाक बंद करा. त्यांची सगळी मते आम्हाला पटतात असे नाही, त्यांच्या बोलण्यातली धार कधीकधी आपल्याच माणसांना कापून गेली असेही आम्हाला वाटते. पण त्या सात जणींची मागणी चूक होती का? एका दमातले तीन तलाक एकच धरण्याचा कायदा इजिप्तने १९२९ मध्ये केला होता. पाकिस्तानने १९६१ मध्ये वेगळ्या मार्गाने तेच साधले होते. आपण मात्र त्या स्त्रियांना काफिर ठरवून मोकळे झालो. पुढे २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीनास दोन अशा बहुमताने ती पद्धत रद्द केली आणि २०१९ मध्ये तिच्यावर तीन वर्षांपर्यंत कैदेचा कायदा आला. एक्कावन्न वर्षे आपल्या हातात होती. आपण आपल्या हाताने, आपल्या फिकहातून, आपल्या अटींवर जे करू शकलो असतो ते दुसऱ्यांनी त्यांच्या भाषेत, त्यांच्या हेतूंनी केले, आणि मग आपण रडलो.

आम्ही हे लिहितो ते आपल्या समाजाची भीती न ओळखता नव्हे. १९९२-९३ मुंबईत ज्यांनी पाहिले त्यांना सुधारणेची व्याख्याने देणे सोपे नसते. घराला आग लागण्याचे भय असले की माणूस दाराची चौकट घट्ट धरून उभा राहतो, नवे दार करायला घेत नाही. पण आपले काही उलेमा आणि काही पुढारी या भीतीवरच दुकान चालवतात, त्यांना हे विचारायलाच हवे की चाँदच्या हिशोबात कुठला दंगा दडला आहे? इथे तर सरकार काही मागत नाही, न्यायालय काही सांगत नाही, शेजारी काही म्हणत नाही. हा प्रश्न पूर्णपणे आपल्या घरातला आहे. इथेही आपण हलणार नसू तर दोष कुणाला द्यायचा?

आमचे मागणे फार मोठे नाही. प्रत्येक जिल्ह्यातल्या चाँद कमिटीत पदार्थविज्ञानाचा किंवा गणिताचा एक शिक्षक असावा. असे शिक्षक आता आपल्यात आहेत, त्यांत बायाही आहेत, त्यांनाही घ्यावे. वर्षाच्या सुरुवातीला युतीच्या वेळा आणि चाँद दिसण्याच्या शक्यतेचे नकाशे उर्दू आणि मराठीत छापून मस्जिदीत लावावेत. ज्या संध्याकाळी दिसणे अशक्य आहे त्या संध्याकाळच्या गवाह्या सुबकींच्या मताप्रमाणे घेऊच नयेत. हिशोबाची पूर्ण ईद नंतर, आधी एवढे तरी.

गेल्या शाबानात आम्ही हे सगळे आमच्या मस्जिदीच्या इमामसाहेबांसमोर मांडले. भला माणूस, वयाने आमच्यापेक्षा लहान. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "बात तो सही है, पण मी एकटा बोललो तर जुम्माच्या आधी ट्रस्टवाले मला गावी पाठवतील. तुम्ही पाचपन्नास सह्या आणा." सह्या गोळा करतो आहोत. आतापर्यंत सतरा झाल्या. पहिली सही त्या परीक्षा देणाऱ्या मुलीची आहे.